चुरी वकिलांची सुकेळी

दर नोव्हेंबरात आमच्या ऑफिसवर एक संकट येतं. आमचे सर, म्हणजे ॲडव्होकेट चंद्रहास चुरी, त्यांच्या निर्मळ गावाहून येताना केळीच्या वाळक्या पानात बांधलेली पुडी आणतात आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक तुकडा ठेवतात. त्याला ते सुकेळी म्हणतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि आठवडाभर उन्हात वाळवायची की मधासारखी गोड सुकेळी होते, हे वसईत शेंबडं पोरही सांगेल. सरांची मात्र होत नाही. काळी पडते, आतून आंबते आणि चावताना जबडा दुखतो. पहिल्या वर्षी माझी दाढ त्यात अडकली होती. सर समोर उभे राहून चेहरा बघतात आणि विचारतात, कशी झालीय. आम्ही छान म्हणतो. ते मान हलवून केबिनमध्ये जातात, आणि उरलेली पुडी कपाटाच्या खालच्या खणात वर्षभर पडून राहते.

मी ज्ञानदा, विरारच्या फुलपाड्याची. वकील झाले तेव्हा मला मुंबईत काचेच्या इमारतीत बसायचं होतं. मिळालं ते वसईतलं स्टेशनरीच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं ऑफिस. सरांचं काम कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं. वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये कुणी स्क्रू करतं, कुणी खोके, कुणी लोणची. त्यातला एखादा धंदा मोठ्या कंपनीनं विकत घ्यायचं ठरवलं की तिकडून ऐंशी पानी इंग्रजी करार येतो, आणि पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी सही करायला मालकाचा हात शिवशिवत असतो. तो हात धरणं हे सरांचं काम.

सरांच्या दोन सवयी मला डोक्यात जायच्या. एक म्हणजे सगळा करार ते मराठीत वाचून दाखवतात, तोही नुसत्या मालकाला नाही. घरातल्या ज्यांची ज्यांची सही लागणार त्या सगळ्यांना समोर बसवतात. म्हातारी माणसं पेंगतात, सर थांबतात, चहा मागवतात आणि परत वाचतात. दुसरी सवय हिरव्या डायरीची. धंदा विकणाऱ्यावर एक बंधन येतं, की अमुक वर्षं तोच धंदा पुन्हा करायचा नाही. ते बंधन ज्या दिवशी संपतं ती तारीख सर डायरीत लिहून ठेवतात आणि त्या दिवशी स्वतः जाऊन त्या माणसाला सांगतात. गेल्या वर्षी मला घेऊन चिंचोटीला गेले होते. तिथल्या गृहस्थांनी साबणाचा कारखाना विकला होता. ते करार विसरूनही गेले होते. सरांनी त्यांना सांगितलं, आजपासून तुम्ही मोकळे. चहा प्यायला आणि परत आलो. या कामाची फी नाही. माझा अख्खा दिवस गेला, आणि आमचे सर कामातून गेलेत असं मी घरी आईला सांगितलं.

मग या फेब्रुवारीत तुस्कानोंचं प्रकरण आलं.

एरॉल तुस्कानोंची मसाल्याची कंपनी. सुरू केली त्यांच्या आईनं, रेजिनाबाईंनी, घराच्या ओसरीत. पुढे एरॉलनी गाळा घेतला, मशीन आणली, प्रायव्हेट लिमिटेड केली. शेअर दोघांच्या नावावर. आता एरॉलचं बायपास झालेलं, मुलगी ॲनिशा आयर्लंडला नर्स, पुढे बघणारं कुणी नाही. अंधेरीची एक कंपनी विकत घ्यायला तयार होती, पण एकतीस मार्चच्या आत सह्या व्हायला हव्या होत्या. तसं झालं नसतं तर एरॉलना त्या दुखऱ्या छातीनं पुन्हा गाळ्यात उभं राहावं लागणार होतं.

सरांनी नेहमीप्रमाणे वाचन लावलं. चाळिसाव्या पानावर ते बंधन आलं. विकणाऱ्यांनी सात वर्षं ठाणे, पालघर आणि मुंबईत मसाला बनवायचा नाही, साठवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, किंमत घेऊन किंवा न घेता. एरॉल मोबाइल बघत होते. ऐंशीच्या रेजिनाबाई मात्र पुढे सरकून बसल्या.

त्यांनी विचारलं, म्हणजे मे महिन्यात मसाला कुटायचा नाही का. दर वर्षी त्या स्वतःच्या हातानं मिरच्या भाजून मसाला करतात आणि सुनेला, दोन मुलींना, धर्मलेकीला, शेजारच्या चार घरांना बाटल्या भरून देतात. एरॉलनी सांगितलं, मम्मी, ते धंद्याचं आहे, तुझ्या बाटल्या कोण मोजायला येतंय. त्या म्हणाल्या, पण यांनी आत्ता वाचलं ना, पैसे न घेता दिला तरी नाही. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि पुढची चाळीस पानं तशाच बसून ऐकली.

सरांनी त्याच दुपारी समोरच्या वकिलांना कळवलं की एक वाक्य वाढवा. घरच्या वापरासाठी आणि आप्तांना, शेजाऱ्यांना, ओळखीच्यांना भेट देण्यासाठी केलेला मसाला या बंधनात येणार नाही. समोरचे वकील हर्षवर्धन, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे, कपडे कडक आणि बोलणं गोड. त्यांनी सांगितलं, हा आमचा ठरलेला मसुदा आहे, संचालकांनी मंजूर केलाय, आता एक अक्षर बदललं तरी पुन्हा सगळीकडे फिरवावं लागेल आणि मार्च निघून जाईल. सरांनी सांगितलं, फिरवा.

दोन आठवडे असेच गेले. एरॉल ऑफिसात येऊन सरांवर भडकले. एका बरणीसाठी माझी कंपनी अडवताय, म्हणाले. मला एरॉलचं शंभर टक्के पटत होतं. ते गेल्यावर मी केबिनमध्ये जाऊन सरांना तोंडावर सांगितलं की हा हट्ट आहे, अशिलाचं हित नाही. कुठलीही कंपनी म्हाताऱ्या बाईवर बरणीभर मसाल्यासाठी दावा लावणार नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, स्कूटी आणलीयस ना, हेल्मेट घाल.

निर्मळला त्यांचं घर मंदिरापासून थोडं आत आहे. मागे केळीची वाडी होती, आता एका कोपऱ्यात राजेळीच्या झाडांचा एकच गड्डा उरलाय. सरांनी कपाटावरून एक जुनी फाइल काढली आणि माझ्या हातात दिली. दोन हजार आठ सालचा करार. विकणारी पुतळाबाई काशीराम चुरी.

आईची सुकेळी साऱ्या निर्मळमध्ये नावाजलेली होती, ते सांगू लागले. वाडीभर बांबूचे मांडव, त्यावर केळी, आणि ऊन फिरेल तशी आई फिरायची. जत्रेत तिची जागा ठरलेली होती. पाकिटावर तिचं नाव होतं. वडील गेले, तिचे गुडघे गेले, आणि एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनं नावासकट धंदा मागितला. सरांच्या आयुष्यातला तो पहिला मोठा करार. चकचकीत टेबलाच्या पलीकडे सुटाबुटातले चार वकील, अलीकडे हे एकटे. दहा वर्षं सुकेळी करायची नाही, ठेवायची नाही, द्यायची नाही, असं त्यात होतं. घरच्यापुरती चालेल एवढं लिहून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर आईच्या चार केळ्यांची गोष्ट काढायची त्यांना लाज वाटली. गावंढळ म्हणतील असं वाटलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आईनं सही केली आणि करार पाळला. मांडव सोडवून बांबू देऊन टाकले. मी तिला म्हटलं, अगं आपल्यापुरती चार कर, कोण बघतंय. तिनं नाही केली. नातवंडांनी मागितली तरी नाही. घड धरायचे, ती कच्चेच वाटून टाकायची. नऊ वर्षं जगली त्यानंतर."

ती गेली तेव्हा तिच्यासमोर ठेवायला सुकेळी हवी म्हणून सर बाजारात गेले. त्या कंपनीचं पाकीट मागितलं. इतकी वर्षं त्यांनी रागानं ते कधी विकतही घेतलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, ते येणं बंद होऊन सहा वर्षं झाली, परवडत नाही म्हणून कंपनीनं सुकेळी सोडूनच दिली.

कायदा मलाही ठाऊक होता. धंदा विकणाऱ्यावरचं असं बंधन विकत घेणारा तो धंदा चालवत असतो तोपर्यंतच. त्यानं बंद केला की बंधन गेलं. पुतळाबाई सहा वर्षं मोकळ्या होत्या आणि त्यांना ते सांगायला कुणी गेलं नव्हतं. घरात वकील असून.

सर गड्ड्याकडे बघत होते. दर वर्षी एक घड राखतो, म्हणाले, तिची रीत विचारून ठेवली नव्हती, आठवेल तसं करतो. आणि मग, त्यांनी कधी असं सरळ काही बोलावं अशी मला सवय नव्हती, ते म्हणाले, "मला तिच्या हातची एक हवी होती गं. एकच."

परत येताना मी स्कूटी हळू चालवली.

शेवटची बैठक पंचवीस मार्चला तुस्कानोंच्या गाळ्यात झाली. हर्षवर्धन करार घेऊन आले होते, वाक्य न वाढवलेला. त्यांनी समजुतीच्या सुरात पुन्हा सांगितलं की कंपनी असल्या गोष्टीसाठी कधीच दावा करणार नाही, हवं तर ते तोंडी शब्द देतात. एरॉलनी पेन उघडलं होतं.

सर म्हणाले, "तुम्ही दावा करणार नाही, हे मला माहीत आहे. ही बाई करार मोडणार नाही, ही माझी अडचण आहे. मोडणाऱ्यांसाठी आपण ऐंशी पानं लिहितो. पाळणाऱ्यासाठी एक ओळ लिहू या."

हर्षवर्धननी खुर्ची रेजिनाबाईंकडे वळवली आणि विचारलं, आजी, तुम्ही खरंच घरचा मसाला बंद कराल का. रेजिनाबाईंना प्रश्नच समजला नाही. त्या म्हणाल्या, "सही केल्यावर? मग काय करणार बाबा?"

हर्षवर्धननी बाहेर जाऊन फोन केला. गिरणीच्या आवाजात काय बोलले ते कळलं नाही, पण तासभर बोलत होते. आत आले आणि लॅपटॉप उघडून ते वाक्य टाइप केलं. सरांनी त्याखाली आणखी एक टाकायला लावलं, की कंपनीनं हा मसाला बनवणं बंद केलं तर महिन्याच्या आत विकणाऱ्यांना लेखी कळवावं. हर्षवर्धननी कपाळाला हात लावला, पण टाकलं. तीस तारखेला सह्या झाल्या. एरॉलनी सरांशी हात मिळवला, फार प्रेमानं नाही.

मेच्या अखेरीस रेजिनाबाई रिक्षा करून आमच्या ऑफिसात आल्या. हातात पिशवी, पिशवीत बियरच्या जुन्या बाटलीत ठासून भरलेला लाल मसाला. जिना चढून त्यांना धाप लागली होती. सरांना काय द्यावं सुचेना. चहा मागवला, आणि मग खालच्या खणातून ती नोव्हेंबरची पुडी काढली. मी मनात कपाळ बडवलं. सहा महिन्यांत मुंग्यासुद्धा तिकडे फिरकल्या नव्हत्या.

बाईंनी तुकडा मोडून तोंडात टाकला. दात नव्हते, बराच वेळ घोळवला. आम्ही सगळे छान म्हणायच्या तयारीत होतो.

"नाय जमली," त्या म्हणाल्या. "तुमी चुरी ना? पुतळाबाई तुमची कोन?"

सरांनी आई म्हणून सांगितलं. रेजिनाबाईंचा चेहरा उजळला. दर वर्षी निर्मळच्या जत्रेत त्या पुतळाबाईंकडूनच सुकेळी घ्यायच्या. सर एरवी कुणी गप्पांत शिरलं की मुद्द्यावर या म्हणतात. त्या दिवशी ते खुर्चीच्या टोकाला येऊन विचारू लागले, कशी असायची, रंग कसा असायचा, बोटाला चिकटायची का. त्या सांगत होत्या आणि सर मान डोलवत होते.

मग रेजिनाबाई म्हणाल्या, नंतर तिनं बंद केली. तरी जत्रेत येऊन आपल्या जागेवर बसायची, पुढ्यात काही नसताना. त्यांनी तिला एकदा विचारलं होतं, बाय, यंदा पण नाय का.

सरांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, आता आमी नाय करत. माज्या पोरानं कागद लिवलाय, विंग्रजीत, साहेब लोकांसमोर बसून. पोराचा शब्द हाय तो, मोडायचा नाय." रेजिनाबाईंनी बशीत चहा ओतला. "येनाऱ्या-जानाऱ्या सगळ्यांना सांगायची. लय कौतुक होतं तिला तुमचं."

सरांनी तुकड्यांची पुडी पुन्हा बांधायला घेतली, पण दोरीची गाठ त्यांना जमेना. शेवटी मी उठून ती त्यांच्या हातातून घेतली, एक तुकडा काढून तोंडात टाकला आणि पूर्ण संपेपर्यंत चावला.