आजारी सुनेचं माहेर

धाकट्या जावेच्या थुंकीचा रिपोर्ट आला, टीबी आहे हे ठरलं, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिली चर्चा झाली ती तिला माहेरी कधी पाठवायचं याची. औषधाचं कुणी विचारलं नाही. सून आजारी पडली की माहेरी जाते, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं आहे की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. बाळंतपण माहेरी, कावीळ माहेरी, पाय मोडला तरी माहेरी.

भांडुपला आमच्या दोन खोल्या. मी, नवरा, सासूबाई, दीर, जाऊ आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. जाऊ मुलुंडला एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होती. बरेच दिवस खोकत होती. कारखान्यातली धूळ, मग बदललेली हवा, मग फ्रीजचं पाणी, अशी कारणं आम्ही सगळ्यांनी मिळून पुरवली. पुढे रोज संध्याकाळी अंगात कणकण राहू लागली, ब्लाउज आत घ्यावे लागले, तेव्हा मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. खोकला दोन आठवडे हटला नाही की थुंकी तपासायची, हे तिथे भिंतीवरच लिहिलेलं होतं.

सासूबाईंनी सुरुवात केली भांड्यांपासून. जावेचं ताट, वाटी, पेला वेगळा. ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाला खालून नेलपॉलिशचा ठिपका. ती भांडी उकळत्या पाण्यात बुडवून धुवायची. मग तिला आतल्या खोलीत हलवलं, गल्लीकडची खिडकी लावून घेतली आणि वर चादर टांगली. खोकला शेजारी ऐकू जायला नको. आतल्या खोलीतच सासूबाईंची खाट, आणि नात आजीशिवाय झोपत नाही. म्हणजे ताटं वेगळी, आणि रात्रभर तिघींना हवा एकच.

"आई, हा रोग ताटातून लागत नाही," मी म्हटलं. "ती खोकते, त्यातून हवेत जातो. ती हवा तुम्ही आणि पोरगी घेताय. खिडकी उघडा."

"उघड. म्हणजे वेगळी दवंडी पिटूक नको."

"कळू दे की. एवढे दिवस गल्ली ऐकतेच आहे."

"तू माका शिकवू नको गो. तिका गावाक धाडूया. थयली हवा लागली की बरी होतली."

दीर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "वहिनी, आई बोलते ते बरोबर आहे ना. इथे कोण बघणार तिला?"

"गोळ्या तिच्या तिनेच गिळायच्या आहेत, भावजी. बघायचं काय त्यात?"

त्यावर त्यांनी मोबाइलवरच रविवारच्या गाडीचं बघून ठेवलं.

जाऊ आत बॅग भरत होती. वाद घालायचा तिचा स्वभाव नाही. मी गेले तर तोंडावरचा रुमाल न काढता म्हणाली, "ताई, तिकडे वहिनीला तान्हं आहे. बारसंसुद्धा व्हायचंय अजून. त्या घरात जाऊन मी खोकत बसू?"

"तुझ्या आईला फोनवर काय सांगितलंस?"

"मी नाही, इकडच्या आईंनी सांगितलं. अशक्तपणा आलाय म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. औषध सुरू होऊन दोनच दिवस झालेले, खोकला तसाच, आणि बाळंतिणीच्या घरात ही अशक्तपणाच्या नावाखाली जाऊन राहणार. गावाला हवा कितीही चांगली असली तरी बाळंतिणीची खोली बंदच असते.

मी बाहेर आले आणि सासूबाईंसमोर फोन धरला. "पाठवायचं तर पाठवा. पण विहीणबाईंना टीबी म्हणून सांगा आणि मग पाठवा. लावू?"

त्यांनी फोन घेतला नाही. मग म्हणाल्या, "माझी नणंद अशीच सासरच्यांनी आमच्याकडे धाडलेली. क्षय म्हणून. परत काय गेली नाय." दीर तेव्हा पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवून आईकडे बघायला लागले.

"तेव्हा धड औषधं पोचत नव्हती," मी म्हटलं. "आता आहेत. सहा महिने न चुकता घेतली की माणूस बरं होतं."

गाडी रद्द झाली. जावेची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून आली, बाकी आम्ही सगळे आत. खिडकी दिवसरात्र उघडी. घरात असताना ती मास्क लावायची आणि थुंकी झाकणाच्या डब्यात. शेजारणीने विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं की टीबी आहे, औषध चालू आहे. हळदीकुंकवाची दोन बोलावणी त्या वर्षी आली नाहीत. साखर तेवढी कमी पोटात गेली.

मुलीला तपासायला नेलं. रोग नव्हता, पण इतक्या लहान मुलांना तो पटकन जडतो म्हणून तिलाही रोग होऊ नये यासाठीचं औषध दिलं. सासूबाई सोबत आल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. येताना रिक्षात त्यांनी नातीला मांडीवर घेतलं नाही, शेजारी बसवलं. मी सांगितलं की हिला काही झालेलं नाही, घ्या तिला. मग घेतलं.

गोळ्यांनी जावेला मळमळायचं. लघवी केशरी व्हायची, त्याला ती पहिल्या दिवशी घाबरली. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले की आता हिच्यापासून लागण्याची भीती जवळपास गेली, गोळ्या मात्र पुऱ्या करायच्या. खरी पंचाईत तिथूनच. खोकला थांबला, गाल भरले, कामावर जायला लागली, आणि एक दिवस गोळ्यांचं पाकीट होतं तिथेच राहिलं.

"बरं वाटतंय ना ताई. आणि उष्णता किती होते त्यांनी."

"मधेच सोडल्यास तर पुढच्या खेपेला या गोळ्या चालायच्या नाहीत. मग याहून जड, याहून लांब."

माझ्या सांगण्याचा किती उपयोग झाला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई सकाळी पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभ्या राहू लागल्या. "आ कर. गिळलंस? दाखव." सुनेचं तोंड उघडून बघणारी सासू मी पहिल्यांदाच पाहिली.

शेवटची तपासणी चांगली आली. बारसं चुकलं होतं, पण भाच्याच्या उष्टावणाला जाऊ मुलीला घेऊन माहेरी गेली आणि त्याला पोटभर खेळवून आठवड्याने परत आली. दारात बॅग ठेवते न ठेवते तोच सासूबाईंनी विचारलं, "पोरगो बरो आसा ना? खोकत नाय ना?"

"नाही हो आई. नुसता खातोय."

"मग कपडे बदल नि ये, चाय टाकतंय," त्या म्हणाल्या.