उंदीरमामा आणि दुसरा पिंजरा

उंदीरमामा माणसांना ‘ए’ म्हणत आणि उंदरांना ‘अहो’. परभणीच्या आमच्या प्रयोगशाळेत ते उंदरांची देखभाल करायचे. सकाळी पिंजऱ्यापुढे वाकून, “काय ओ, जेवलाव का?” आणि पीएच.डी. करणाऱ्या मला, “ए पोरी, चप्पल भाईर काढ!” माझ्या विद्वत्तेची किंमत मला तिथेच कळली.

विषय मात्र माझा फार थोर होता. हिरड्यांत जंतू माजले की सूज येते आणि जबड्याचं हाड झिजतं. बाभळीच्या सालीतली द्रव्यं ही झीज थांबवतात का, ते पाहायचं. त्यासाठी उंदरांच्या दाढेला दोरा बांधून आधी हिरड्या सुजवायच्या. मग एका पिंजऱ्याला सालीचा अर्क घातलेली ज्वारीच्या पिठाची गोळी, दुसऱ्याला नुसत्या पिठाची. शेवटी सगळ्यांनाच मारून जबडे मोजायचे. दोरा बांधायच्या दिवशी मामा हमखास रजा टाकत. गोळ्या मात्र तेच मळायचे, आणि साल आपल्या बोरी गावाहून आणायचे. बाजारातल्या सालीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

जबडे मोजले, तर दोन्ही पिंजऱ्यांतली हाडं सारखीच शाबूत! म्हणजे माझ्या संशोधनानुसार नुसतं ज्वारीचं पीठही हाड वाचवत होतं. आमचे गाईड सर इतके खूश झाले की माझी वही त्यांनी टेबलावर आपटली. “नव्यानं करा, नाहीतर विसरा पदवी.”

मामांना विचारलं. लपवाछपवी त्यांना ठाऊकच नव्हती.

“दिला की अर्क. दोनीकडं दिला. तोंड वाकडं करून खायलेत बिचारे, मला बघवंना. त्यांचा काय कसूर हाय?”

“अहो मामा, शेवटी मारायचेच होते ना सगळे!”

“मरायचंच हाय म्हणून घास दुखत खायाचा का? एवढी बुकं शिकलीस, एवढंबी कळंना व्हय तुला?”

मी संतापले. “माझं वाटोळं केलंत,” म्हणाले, आणखीही नको नको ते बोलले. मामा रिकामे पिंजरे धुवायला लागले. त्याच वर्षी निवृत्त होऊन गावी गेले.

नवा माणूस शिस्तीचा निघाला. उंदरांशी अवाक्षर बोलायचा नाही. दुसऱ्या पिंजऱ्यातले जबडे अगदी छान झिजले, दाढा हलायला लागल्या. सर या वेळी खरोखरच खूश झाले. मी डॉक्टर झाले.

पेढे घेऊन बोरीला गेले. मामांनी पेढा हातात धरला. “लय झ्याक झालं, पोरी.” मग हळूच म्हणाले, “आन् कुणाला नुसत्या पिठावर ठेवलं न्हाई ना?”

“नाही मामा. सगळ्यांना दिला अर्क.”

त्यांनी लगेच विश्वास ठेवला, मगच पेढा खाल्ला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.