गव्हावर गहू

गिरणीच्या बाकावर रोज तासभर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पिठासारखे आपोआप अंगावर बसतात. निवृत्त झाल्यावर मी कसबा पेठेतल्या रफीकभाईंच्या गिरणीत बसायला लागलो. दळण असो वा नसो.

गिरणीवर पाटी होती: 'डब्यावर नाव लिहावे. पिठावरून माणूस ओळखता येत नाही.'

*

आमच्या गल्लीत आधी घरं होती. मग मुलांनी हडपसरला, धायरीला फ्लॅट घेतले, मागोमाग म्हातारे गेले आणि खोल्यांची गोडाऊनं झाली. समोरच्या जोशीकाकूंच्या दोन खोल्यांत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, पार छतापर्यंत.

मी म्हणालो, "बघा, गल्लीत बसायला माणूस नाही आणि खुर्च्या केवढ्या!"

रफीकभाई म्हणाले, "आणि खुर्च्यांना भाकरी लागत नाही."

*

शेजारच्या माडीवर एक ऑफिस आलं. तिथला मॅनेजर एकदा आत डोकावला. "वॉव, अशी गिरणी अजून चालू आहे? किती ऑथेंटिक!" त्यानं भराभर फोटो काढले.

"घरी चपात्या करता?" रफीकभाईंनी विचारलं.

"नाही, ऑर्डर करतो."

"मग फोटोच न्या."

*

खुर्चीवाल्यानं तक्रार केली की पीठ उडून माल पांढरा होतो. तपासायला एक साहेब आले. नकाशा उलगडून म्हणाले, "हा तर निवासी भाग आहे. रहिवाशांना गिरणीचा त्रास होतो का?"

रफीकभाई म्हणाले, "रहिवासी सापडला तर त्यालाच विचारा. मीही त्यालाच शोधतोय."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. मी हसलो खरा, पण आत कुठेतरी लागलं. संध्याकाळी ऑफिसं बंद झाली की गल्लीत फक्त गिरणीचा दिवा उरायचा, आणि गिरणीचा पट्टा तर दिवसातून बराच वेळ थांबलेलाच असायचा.

*

जोशीकाकू मात्र धायरीहून बसनं दळण घेऊन यायच्या. मी विचारलं, "अहो, तिकडे गिरणी नाही का?"

"आहे की. मी विचारलं, माझ्या आधी कुणाचं दळण होतं? तर म्हणतो, 'काय बी आसंना मावशी, समदं पीठच हाय.'"

काकूंच्या दृष्टीनं तो माणूस तिथेच संपला. बाजरीनंतर लगेच गहू घातला की गिरणीत राहिलेली बाजरी पिठात उतरते आणि पोळी काळपट होते. म्हणून गव्हावर गहूच. पूर्वी डब्यांची रांग असायची, तेव्हा रफीकभाई गव्हाचे डबे एकामागोमाग लावायचे.

*

शेवटी रफीकभाईंनी गिरणी बंद करायचं ठरवलं. मला फार वाईट वाटलं, पण अडवणार कुठल्या तोंडानं? माझं एकट्याचं दळण ते केवढं!

शेवटच्या दिवशी एका खानावळीची बाजरी दळून झाली. मागे एकही डबा नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यावर काकू दिसल्या, हातात गव्हाचा डबा. गिरणी बंद होतेय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रफीकभाई उठले. मागच्या दारानं घरात गेले, घरातला गहू आणला आणि गिरणीत ओतला. पीठ काळपट आलं. ते त्यांनी आपल्या डब्यात भरून झाकण लावलं.

काकू धापा टाकत पोचल्या. "रफीकभाई, आधी कुणाचं होतं?"

"आमच्या घरचं. गहू."

"आणि त्याच्या आधी?"

"काकू, डबा द्या इकडे. तुमची बस चुकेल."