ओडेलच्या पिकअपची दुसरी किल्ली

दुधानं तोंड पोळायच्या आधीपासूनच ओडेल टब्स ताक फुंकून पीत आलेला. चर्चच्या जेवणात तळलेला मासा आधी उलटा करून बघणार, मग खाणार. अलाबामातल्या त्या एवढ्याशा गावात त्याच्या संशयाचे किस्से सगळ्यांना पाठ. त्याची बायको वर्नेल सांगायची, "लग्नात पाद्रीनं विचारलं, ही तुला कबूल आहे का? तर हा म्हणतो, का? काय झालं?"

आणि असा माणूस डोळे मिटून गेला तो नेमका हायवेवरच्या, गाडीच्या कागदावर पैसे देणाऱ्या पिवळ्या दुकानात. कारण एकच. तिथं त्याला कुणी काही विचारलं नाही. पगार किती, आधीचं कर्ज किती, कशाला हवेत, काही नाही. संशयी माणूस प्रश्नांनी बिथरतो आणि प्रश्न न विचारणाऱ्यापुढं लोण्यासारखा विरघळतो. घरच्या विहिरीचा पंप जळाला होता. काउंटरवरच्या टॅमीनं "बसा ना, हनी" म्हणत पॉपकॉर्न पुढं केले, पिकअपच्या मालकीचा कागद ठेवून घेतला आणि हजार डॉलर मोजले. गाडी त्याच्याकडंच राहणार होती. फक्त तिची दुसरी किल्ली दुकानातल्या खिळ्यावर.

लोकांच्या अंगणातलं आणि कबरस्तानातलं गवत कापायचं यंत्र त्या पिकअपमधूनच फिरायचं. गाडी गेली की पोटापाण्याचा धंदा गेला. म्हणून तो दर महिन्याला निमूट अडीचशे डॉलर भरत राहिला. वर्ष होत आलं, मुद्दल मात्र आपल्या जागी ढिम्म. टॅमी दरवेळी म्हणायची, "पुढच्या महिन्यापर्यंत वाढवून दिलं हं, हनी," आणि ओडेलला वाटायचं, पोरगी उपकारच करतेय.

मग गुडघा धरला, गवत वाढलं आणि एक हप्ता चुकला. टॅमीचा फोन आला. "शुक्रवारी पैसे नाहीत तर गाडी उचलू. आणि शेरीफला कळवायची वेळ आणू नका, मिस्टर ओडेल. आम्हालाच वाईट वाटेल."

ओडेलनं त्याच दिवशी पिकअप मेव्हण्याच्या कोठारात नेऊन वर ताडपत्री घातली. पण तुरुंगाला ताडपत्री कशी घालणार?

वर्नेलनं त्याला धरून चर्चच्या हॉलमध्ये नेलं. अशा दुकानांत अडकलेल्यांना फुकट सल्ला द्यायला तिथं दर बुधवारी मिस ब्लेडसो नावाची वकीलबाई बसायची.

"फुकट?" ओडेल दारातच थांबला. "चर्चचं छप्पर गळतंय, त्याचा खर्च माझ्या पिकअपमधून निघणार असं दिसतं."

"चल आत," वर्नेल म्हणाली. "तुझ्या पिकअपमधून एक कौलसुद्धा निघायचं नाही."

वकीलबाईनं पहिलाच प्रश्न टाकला, "गाडी कुठं आहे?"

ओडेलनं बायकोकडं बघितलं: बघ, सांगितलं नव्हतं? "कुठली गाडी?" तो म्हणाला.

बाई हसली नाही. ती हसली नाही हे ओडेलला जरा बरं वाटलं. गोड हसणाऱ्यांची त्याला आता धास्तीच बसली होती. "मिस्टर टब्स, तुम्ही कधी बंदूक गहाण ठेवली होती?"

"बापाची. दोनदा."

"सोडवायला गेला नसता, तर दुकानदारानं तुम्हाला पकडून दिलं असतं?"

"कशाला? त्यानं बंदूक विकली असती."

"मग? ते पिवळं दुकान कर्ज देतच नाही. कायद्यानं ते गहाणाचंच दुकान. गाडी नेतील, हे खरं. तुम्हाला नेणार नाहीत."

ओडेलनं मांडीवरच्या टोपीकडं बघितलं. इतके महिने 'कर्ज, कर्ज' म्हणून तो टोपी हातात धरून आत जायचा. बंदुकीच्या वेळी टोपी डोक्यावरच असायची.

"पण मला गाडीच हवी," तो म्हणाला.

"मग गावातल्या पतपेढीत जा. ते लोक हजार आणि वर चुकलेला हप्ता देतील, गाडी सोडवा. त्यांना महिन्याला शंभर भरा. गाडीचा कागद मात्र ते तारण ठेवतील."

ओडेल ताडकन उठला. "ऐकलंस, वर्नेल? इथंही कागदच!"

"आणि किल्ली?" वर्नेलनं बाईला विचारलं.

"किल्ली कशाला? गाडी तर मिस्टर टब्सचीच आहे."

ओडेल हळूच खाली बसला.

पतपेढीत त्याला एवढे प्रश्न विचारले, की तेवढे लग्नातसुद्धा विचारले नव्हते. पगार, गुडघा, गिऱ्हाईकं, सगळं. कुरकुरत का होईना, त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली. शुक्रवारी पिवळ्या दुकानात पैसे भरून कागद घेतला, खिळ्यावरची किल्ली मागितली. "परत या हं, हनी," टॅमी म्हणाली. ओडेलनं टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि मेव्हण्याचं कोठार गाठून ताडपत्री ओढून काढली.

महिन्यानं तो पतपेढीत शंभराचा पहिला हप्ता भरायला गेला. खिडकीतल्या बाईनं मुद्दल किती उरलं ते सांगितलं.

"कमी झालं?"

"झालं की."

"पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं. ओडेलनं मान डोलावली, थँक्यू मॅडम म्हणाला, आणि शेजारच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला, दुसऱ्या बाईला तेच विचारायला.