रवीला तुमच्याकडे काय म्हणतात?

माझ्या मावससासूबाईंनी ज्याला हा प्रश्न विचारलेला नाही असा माणूस पुण्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो आज सकाळीच स्वारगेटला उतरलेला असणार. रवी म्हणजे ताक घुसळायची ती लाकडी रवी. नवी ओळख झाली की लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात, धीट असले तर पगारही विचारतात. मावशी थेट रवी विचारायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांच्या स्वभावातच नाही. आमचं लग्न ठरायचं होतं तेव्हा मुलीकडची मंडळी म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या. आईने पोह्यांची बशी पुढे केली, तर ती हातात घेण्याआधीच त्यांनी विचारलं, "अहो, रवीला तुमच्याकडे काय म्हणतात?" आई गोंधळून म्हणाली, "रवीच म्हणतो." मावशींचा चेहरा असा काही उतरला की आमच्या वडिलांनी हे स्थळ गेलं असंच धरलं होतं.

खरं कारण बायकोने लग्नानंतर सांगितलं. मावशी चार वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. आईची आठवण म्हणून त्यांच्यापाशी फार थोडं उरलं आहे: घुसळताना पुढे-मागे होणारे दोन हात, रवीची दोरी, आणि एक खात्री की आई त्या रवीला रवी म्हणत नसे. तिच्या माहेरचा काहीतरी वेगळाच शब्द होता. माहेर तर धरणाच्या पाण्यात गेलं आणि तिथली माणसं वाऱ्यावर पांगली. वडिलांनी दुसरं लग्न केल्यावर घरात तो विषयच बंद झाला. "ऐकला की ओळखीन," असं मावशी म्हणायच्या. एवढ्या एका भरवशावर त्यांनी अख्खं आयुष्य भेटेल त्याच्या बोलण्याकडे कान लावला.

ह्या नादात त्यांचा अभ्यास मात्र असा झाला की भल्याभल्यांनी हात टेकावेत. ताक हे तक्राचं, लोणी हे नवनीताचं झिजत झिजत झालेलं रूप आणि तूप दक्षिणेकडून आपल्या पानात आलेलं, हे त्या आमटी वाढता वाढता सांगतात. पण ठाऊक नसेल तर नाही म्हणायची त्यांची हिंमत मला जास्त मोठी वाटते. एका लग्नात एक निवृत्त प्राध्यापक छातीठोकपणे म्हणाले की रवी म्हणजे सूर्य, आणि गोल फिरते म्हणून ही रवी. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मग पंख्यालाही रवी म्हणायला हवं. खरं मूळ मलाही ठाऊक नाही." नळ दुरुस्त करायला आलेल्या रवी नावाच्या माणसाला त्यांनी नावाचा अर्थ विचारला. तो बिचारा "सूर्य" म्हणाला, तर त्याला स्वयंपाकघरात नेऊन खुंटीवरची रवी दाखवली आणि म्हणाल्या, "ह्या बाईसाहेबही तुमच्याच नावाच्या." लोणी काळभोरला तर त्या केवळ गावाच्या नावावर भाळून बसने गेल्या. तिथल्या एका आजीबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हटलं, "रवीच म्हंत्यात की. दुसरं काय हाय त्यात?" वरच्या मजल्यावर यवतमाळकडचा एक संगणक अभियंता राहायला आला. तो म्हणाला, "मावशी, आई रई म्हणते. पण आता सगळे मिक्सरच वापरून राहिले." त्यावर मावशी म्हणाल्या, "रई चांगला आहे. मिक्सर हा शब्द नव्हे, ती शरणागती आहे." मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या टेबलावर, डोळ्यावर पट्टी बांधून घेत असताना, त्यांनी कानडी परिचारिकेकडून 'कडगोलु' मिळवला. बाहेर आल्यावर डोळ्याविषयी चकार शब्द नाही. "शब्द भारदस्त आहे," एवढंच म्हणाल्या, "पण माझा नाही."

ह्या सगळ्याला त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, साक्षी होते. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं आणि तिरकं. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मलाही विचारलं होतं," ते सांगत. "रवी म्हणालो आणि नापास झालो. फेरपरीक्षा नाही." पण मावशी कोणाला विचारून, मान हलवून परतल्या की काका न सांगता उठून चहा टाकायचे, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

गेल्या वर्षी काकांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी त्यांना जिना उतरायची मनाई केली होती. अशातच एका रविवारी आम्ही जेवायला गेलो असताना, ताकाची वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "अगं, भोरकडच्या एक म्हाताऱ्या बाई भेटल्या होत्या. त्यांच्याकडे रवीला घुमळी म्हणतात." आम्ही सगळे पानात बघायला लागलो. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या माणसाला भोरच्या बाई भेटणार कुठे? थाप चांगली लोणकढी होती. चुकीच्या व्युत्पत्तीसाठी प्राध्यापकाला न सोडणारी ही बाई आता नवऱ्याचं काय करते, ह्या धास्तीने माझा घास हातातच राहिला.

मावशींनी काकांची वाटी पुन्हा ताकाने भरली. मग विचारलं, "वय काय होतं हो बाईंचं?"

"असेल नव्वदीच्या पुढे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आत वळून माझ्या बायकोला हाक दिली, "शालू, ती घुमळी तेवढी धुऊन ठेव गं."

मागाहून ओट्याशी शालूने हळूच विचारलं, "मावशी, हाच का गं तो शब्द?"

"छे! कालच जन्मलाय तो. अजून ताकाचा वाससुद्धा लागलेला नाही त्याला," मावशी म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी पदर शोधला नाही, तशाच बोलत राहिल्या. "इतक्या लोकांना विचारलं. ज्याने त्याने आपापला शब्द सांगितला. माझ्यासाठी शब्द करायला बसला तो हा एकटाच."

काका दिवाळीच्या आत गेले. मावशी आता कोणालाही रवी विचारत नाहीत. नव्या माणसाशी ओळख झाली तर गाव विचारतात, मुलंबाळं विचारतात आणि गप्प बसतात. त्यांचं हे चारचौघांसारखं वागणं मला बघवत नाही. परवा गेलो होतो तेव्हा नव्याने कामाला लागलेली बाई भांडी लावत होती. तिने विचारलं, "आजी, ही रवी कुठं ठेवू?"

"खुंटीला लाव," मावशी म्हणाल्या. "पण आमच्याकडे हिला घुमळी म्हणतात."

"आगं बया, हे कधी ऐकलं न्हाई. कुठल्या गावाकडचं म्हणायचं हे?"

काकांचा जन्म पुण्यातला, सगळं आयुष्यही पुण्यातच गेलं.

"ह्यांच्याकडचं," त्या म्हणाल्या.