सायत्राबाईंच्या बोलीपर्यंत

नागपूरहून पॅसेंजरनं वरठीला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते. भंडाऱ्याला जाणाऱ्यांचं स्टेशन हेच. कारखान्याच्या पाळीला निघालेल्या सायकलींमधून वाट काढत आम्ही दोघं एसटीकडे गेलो. माझ्या खांद्यावर टेपरेकॉर्डर, गेमेचूच्या हातात कोऱ्या कार्डांची पेटी.

गेमेचू इथिओपियाचा, ओरोमो समाजातला. नागपुरात मी विद्यापीठाच्या लोकभाषा संशोधन संस्थेत साहाय्यक होतो, आणि तिथं तो दोन वर्षांसाठी शिकायला आला होता. ओरोमोंची भाषा, गाणी, गुराढोरांचं आणि झाडपाल्याचं ज्ञान जपणारी अशीच संस्था आपल्या देशातल्या विद्यापीठात उभी करायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. त्या दिवशी आम्हाला धानाचे शब्द गोळा करायचे होते.

मोहाडीच्या अलीकडे उतरून दोन मैल पायी चाललो. धान कापलेल्या बांध्यांत (बांधी म्हणजे धानाचं खाचर) आता लाखोरी (लाखेच्या डाळीचं कडधान्य) हिरवीगार दाटली होती. आम्हा साताऱ्याकडच्या माणसांना शेत म्हटलं की ऊस आणि ज्वारी आठवते; इथं सगळं शिवार पाण्याच्या हिशेबानं आखलेलं. वाटेत एक बोडी (लहान तळं) लागली. गेमेचूनं तिथं तोंड धुतलं आणि तो बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला.

गावात शाळेचे बोरकर गुरुजी भेटले. "सायत्राबाईंना धानाचं सगळं ठाऊक आहे," ते म्हणाले, "पण भाषा फार अशुद्ध. मी सोबत येतो, शुद्ध करून सांगेन."

सायत्राबाई अंगणात सुपानं गेल्या सालची लाखोरी पाखडत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या. टेपरेकॉर्डर पाहताच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माही बोली कायले पायजे जी तुमाले? मांगं एक साहेब आले होते. मी बोलली, अन् ते हासत होते. मी नाही बोलत."

गुरुजींनी समजावलं, मी विनवलं. त्या पुन्हा पाखडू लागल्या. इतक्या लांब येऊन रिकाम्या हातानं परतावं लागणार, असं वाटलं. त्या काय म्हणाल्या ते मी गेमेचूला हिंदीत सांगितलं. तो त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "माँजी, मी लहान होतो तेव्हा शाळेत आमची भाषा बोलायला बंदी होती. बोललो की गुडघ्यांवर बसवत."

सायत्राबाईंचे हात थांबले. "मारत बी होते?"

"हो."

गुरुजी खाली बघू लागले.

"पान्याले काय म्हनते तुये लोक?" बाईंनी विचारलं.

"बिशान."

"अन् मायले?"

"हाधा."

त्यांनी दोन्ही शब्द हळू म्हणून पाहिले. मग सूप सुनेच्या हाती दिलं. "लाव बाप्पा तुयी मशीन. आता मी सांगतो."

मग त्या बोलत राहिल्या. कोणता धान हलका (लवकर पिकणारा), कोणता भारी (उशिरा पिकणारा). आवत्या (रोपं न लावता बी विखरून पेरलेला धान) कधी करायचा. परे (रोपं) उपटण्याजोगे झाले हे बोटांना कसं कळतं. गुरुजी मध्येच एक शब्द सुधारायला गेले.

"गुरुजी, धान मी रोवला का तुमी?" बाई शांतपणे म्हणाल्या. गुरुजी हसले आणि मागे सरकले.

दुपारी लाखोरीच्या डाळीबरोबर भात झाला. गेमेचूनं तीनदा डाळ मागून घेतली. जेवणानंतर बाईंनी रोवण्याचं (धान लावणीचं) गाणं सुरू केलं. शेजारच्या बायाही ओट्यावर जमल्या. दुसऱ्या कडव्याला टेप जड झाली, आवाज घोगरा होत गेला आणि थांबला. सेल संपले होते. जास्तीचे सेल मी नागपुरातच विसरलो होतो.

बोरकर गुरुजी उठून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन सेल होते, त्यांच्या स्वतःच्या बॅटरीतले. ते पाहून बाया आपापल्या घरी गेल्या. कोणी एक आणला, कोणी दोन. सहा सेल भरले आणि चाक फिरू लागलं. सायत्राबाईंनी गाणं पहिल्यापासून म्हटलं, या वेळी सगळ्या बायांसोबत.

निघताना त्या म्हणाल्या, "माहं नाव लिवजो कागदावर. सायत्रा. सावित्री लिवू नोको."

गेमेचूनं तसंच लिहिलं, आधी आपल्या ओरोमो शब्दांच्या वहीत, मग आमच्या कार्डावर.

दुसऱ्या दिवशी संस्थेत सगळ्यांना टेप ऐकवली. विभागप्रमुखांनी चष्मा काढून ठेवला होता. आमचे शिपाई मेश्राम चहा घेऊन आले आणि ट्रे हातात धरूनच दारात थांबले. भंडारा जिल्ह्यातल्याच साकोलीकडचे हे गृहस्थ इतकी वर्षं आमच्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत आले होते. टेप संपली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, एक शबद राह्यला. परे उपटून बांधते ना, त्याले आमी पेंडी म्हनतो. माही माय दिवसभर पेंड्याच बांधे."

गेमेचूनं त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि आपली खुर्ची त्यांच्यासाठी ओढली. मी कोरं कार्ड काढलं. मेश्राम टेबलाशी बसले. आपल्या देशात, आपल्याच विद्यापीठात मी काय काम करतो, याचा असा अभिमान मला त्यापूर्वी कधी वाटला नव्हता.

"सांगा," मी म्हणालो, "सावकाश सांगा. जसं घरी बोलता तसं."