मामांच्या डब्यातला ठेचा

आमच्या मनकर्णाकाकूंच्या घरी गेलेलं भांडं परत येत नाही. बाई चोर नाहीत हो, तसं कोणी म्हणालं तर मीच भांडायला उठेन. त्यांची भिंत आणि माझी भिंत एक आहे, मला नाही तर कोणाला माहीत? त्यांचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. रीतच आहे तशी. आता त्यात घालायला काहीतरी चांगलं हवं, आणि चांगलं काही केलं की नेमके पाहुणे टपकतात. तोवर भांडं काकूंकडं. माझ्या एका पातेल्याची आशा मी केव्हाच सोडून दिली आहे.

अशातलाच एक डबा त्यांच्या धाकट्या जावेचा, सुरेखाचा. स्टीलचा, कडीचा, घट्ट झाकणाचा. सुरेखाच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेला, आणि वर नाव घातलेलं : ‘सौ. सुरेखा हिस मामांकडून सप्रेम भेट’. चार वर्षांपूर्वी सुरेखाने त्यातून दिवाळीचा चिवडा पाठवला. चिवडा संपला, डबा राहिला. सुरेखाने विचारलं, की काकू कपाळाला आठ्या घालून म्हणायच्या, “तुझा डबा? माझ्याकडं? बघावं लागंल.” आणि बघायच्या नाहीत.

सुरेखाचा काकूंना हेवा वाटायचा, आणि तो त्या लपवतही नसत. सुरेखा बचत गटाची अध्यक्ष. गावात कार्यक्रम कुठलाही असो, मायकात तिचं नाव पहिलं. काकूंचं नाव मात्र उभ्या जन्मात मायकातून आलेलं नव्हतं. एकदा जत्रेत त्यांचं वासरू कुस्तीच्या फडात शिरलं, तेव्हा पुकारा झाला, “सहादेव वाकचौरेंच्या मंडळींनी आपलं वासरू घेऊन जावं.” ते काकूंना अजून लागून राहिलं आहे.

“मंडळी म्हंजी कोन गं?” त्या मला विचारतात. “मला काय नाव न्हाई?”

तर गेल्या हिवाळ्यात संगमनेरच्या एका मंगल कार्यालयात शेफ शौनकचा कार्यक्रम ठरला. टीव्हीवर दिसतो तोच, दाढी कोरलेला. एका मसाल्याच्या कंपनीने त्याला आणलं होतं, आणि तो सगळ्यांसमोर स्वयंपाक करून दाखवणार होता. बचत गटाच्या बायकांना प्रवेश फुकट. सुरेखाने जीप ठरवली. काकू जीपमध्ये चढल्या त्या मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी घट्ट धरूनच.

“काय आणलंय काकू?”

“ठेचा,” त्या माझ्या कानात म्हणाल्या. “त्या पोराला द्यायचाय. खाल्ला की इचारंलच, कुनी केला म्हून. मायकात इचारंल.”

काकूंचा ठेचा ही वस्तू खरी. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, सगळं तापल्या तव्यावर भाजून तिथंच तांब्याच्या बुडाने रगडायचं. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, पण भाकरीवरचा हात थांबत नाही.

कार्यालयात दोघी जावा शेजारी बसेनात, म्हणून मध्ये मी. शेफ आला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पनीरचं काहीतरी केलं, तव्यात भडका उडवला, सगळ्या जणी “अगं बाई!” म्हणून मागं सरकल्या. स्टेजच्या मागं मोठा पडदा, त्यावर त्याच्या हाताचं नखसुद्धा दिसत होतं. काकूंचं पनीरकडे लक्षच नव्हतं. त्या मायकाकडे बघत होत्या.

“कोणाला काही विचारायचंय?” असं त्याने म्हणताच काकू उठल्या, तिथं काम करणाऱ्या मुलीच्या हातात गाठोडं दिलं, “घरचा ठेचा हाय, त्यानला द्या,” म्हणाल्या आणि जागेवर येऊन पदर सारखा करून बसल्या. त्या मुलीने नावगाव काही विचारलं नाही. नेऊन टेबलावर ठेवलं.

शेफने फडकं सोडलं. पडद्यावर डबा आला तो पाण्याच्या टाकीएवढा. आणि टाकीवर ढळढळीत अक्षरं : सौ. सुरेखा हिस मामांकडून सप्रेम भेट.

काकूंच्या घरच्या डब्यांची झाकणं सैल, जीपमध्ये तेल सांडलं असतं, म्हणून त्यांनी हा घेतला. चार वर्षं रोज घासून घासून तो त्यांना आपलाच वाटायला लागला होता. नाव त्यांच्या डोळ्यांना दिसायचंच बंद झालं होतं.

सुरेखाने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्यावरून वाकून काकूंकडे.

“बघावं लागंल, न्हाई का आक्का?”

काकू छताचा पंखा बघायला लागल्या.

तिकडे शेफने बोटभर ठेचा चाटला, पुन्हा चाटला, मग त्याला असा ठसका लागला की दोन माणसं पाणी घेऊन धावली. डोळे पुसत तो ओरडला, “भन्नाट! सुरेखाताई कुठे आहेत? स्टेजवर या!”

सुरेखा उठली आणि गेली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. काकूंची मोठी पंचाईत झाली. ठेचा माझा म्हणावं, तर डबा कोणाचा ते सांगावं लागतं. गप्प बसावं, तर ठेचा जातो.

“माझा ठेचाबी नेती बघ ती,” काकू म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. चूक त्यांचीच होती, तरी मला फार वाईट वाटलं.

“ताई, याचं गुपित काय?” शेफने माईक सुरेखाच्या हातात दिला. सुरेखा माईकला बुजणारी नव्हे. ग्रामसभेत तिने काय काय ठोकून दिलंय ते मी ऐकलं आहे. पण इथं ती जरा थांबली.

“डबा माझा हाय,” ती म्हणाली. “माझ्या मामानं दिलेला. चार वर्सं हुडकत हुते, आज घावला.”

सगळं कार्यालय हसलं. काकूंनी तोंडावर पदर ओढला.

“पन ठेचा माझा न्हाई. मला असा जन्मात जमायचा न्हाई. ठेचा आमच्या थोरल्या जावंचा. सौ. मनकर्णा सहादेव वाकचौरे! आक्का, उठा की आता!”

काकू उठल्या. अर्धा पदर तोंडावर, अर्धं हसू बाहेर.

“मनकर्णाताई, जबरदस्त!” शेफ म्हणाला.

काकू जागेवरूनच म्हणाल्या, “सगळं नाव घ्या की.”

त्याने बिचाऱ्याने सुरेखाला विचारून सगळं नाव घेतलं.

परतीच्या जीपमध्ये सुरेखाने पुसून लख्ख केलेला डबा काकूंच्या मांडीवर आदळला. “घ्या. रिकामा न्यायची न्हाई मी. ठेचा भरून द्या.”

“उद्याच देते,” काकू म्हणाल्या.

तो उद्या काही उजाडला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शंभरभर बायका जमल्या, तेव्हा सुरेखाचा संयम संपला. तिने माईक हातात घेतला आणि गावभर ऐकू जाईल असं पुकारलं, “सौ. मनकर्णा सहादेव वाकचौरे यांनी आपल्या जावेचा डबा ताबडतोब आणून द्यावा!”

बायका हसून लोळायच्या बाकी. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शेजारी बसलेल्या काकूंना कोपराने ढोसलं, “काकू, शोभतं का हे? आता तरी देऊन टाका तो डबा.”

काकू तिळगूळ चघळत समाधानाने माईककडे बघत होत्या.

“येडी का काय तू?” त्या म्हणाल्या. “डबा दिल्यावर माझं नाव कोन घ्यायचं?”